शुक्रवारचा खाडा

गुरुवारी रात्री आरोग्यसेविका म्हणाली,
अजून एखादा दिवस काढतील.
सिनालेईने मान हलवली,
मालाकीच्या अंगाखालची चटई सारखी केली
आणि हिशेब मांडला:
एक दिवस, म्हणजे शुक्रवार.

त्या वर्षी सामोआला तो शुक्रवार नव्हता.
सरकारने ठरवलं होतं, तारखेची रेघ ओलांडून
पलीकडच्यांच्या वारात राहायला जायचं.
डिसेंबरची तीस तारीख गाळली.
जगातला शेवटचा सूर्य जिथे बुडायचा
त्या फालेआलुपोत मध्यरात्री चर्चची घंटा झाली,
गुरुवार संपला, शनिवार लागला,
शेवटचे होते ते पहिल्यांत जाऊन बसले.
न भरलेल्या दिवसाचा पगारही मिळाला म्हणे.

मालाकी पहाटे चारला गेला.

'तो दिवस त्याला मिळाला की नाही?'
हे तिने मला सात वर्षांनी विचारलं.
मी भरती-ओहोटी मोजणारा माणूस,
माझ्याकडे यंत्र, म्हणजे मला ठाऊक असणार.

मी जुना कागद उलगडून दाखवला.
पाणी चढलं, उतरलं, चढलं.
त्या सावकाश नागमोडी रेषेत
कुठेही खाडा नव्हता.
समुद्राने शुक्रवार गाळला नाही
कारण त्याने तो कधी धरलाच नव्हता.

ती म्हणाली, ते मलाही माहीत आहे.
आंघोळ घालताना त्याच्या गालावरून हात फिरवला,
एका रात्रीची दाढी होती. दोन नव्हे.
परसातला नीरफणस एका रात्रीइतकाच मऊ झाला होता.
म्हणजे गेलं ते फक्त नाव.
मग सांग, नाव होतं तेव्हा तरी
आत काय होतं?

मला उत्तर येईना.
आमच्याकडे तिथीचा क्षय होतो, मी म्हणालो,
सूर्य न बघताच एखादी तिथी सरते,
तिच्यासाठी कुणी रडत नाही,
श्राद्धाची असली तर भटजींना विचारावं लागतं, एवढंच.
आमचा परवा मागेही असतो आणि पुढेही,
कुठला ते आम्ही क्रियापदावर सोडतो.
काळ म्हणजे वेळ, काळ म्हणजे मरण,
दोघं एकाच शब्दात राहतात,
भाडं कुणाचं थकलंय ते कळत नाही.
हे सगळं मोडक्या सामोअनमध्ये सांगताना
इतकं बावळट वाटलं
की मी गप्प नारळ सोलत बसलो.

त्या पहाटे तिने बहिणीला फोन लावला होता,
पागो पागोला. बेट जवळचंच, पण अमेरिकेचं,
त्यांनी रेघ ओलांडली नव्हती.
रेपेका झोपेतून उठली, रडली,
मग म्हणाली, थांब गं,
इथे तर आत्ता शुक्रवार उजाडायचाय.
तिला धीर द्यायचा होता
की नुसतंच नवल वाटलं होतं,
सिनालेईला अजून ठरवता आलेलं नाही.

तेव्हापासून दर डिसेंबरात ती बोट धरते.
शुक्रवारी रात्री निघते,
शुक्रवारी सकाळी उतरते.
काय करतेस त्या दुसऱ्या शुक्रवारचं?
काही नाही, म्हणाली.
रेपेकाच्या पायरीवर बसते. डब्यातले मासे खाते.
दुपारी डोळा लागतो, मग लाज वाटते.
एका वर्षी शेजारचा कुत्रा दिवसभर भुंकत होता.

परतीच्या बोटीवर
जिथे म्हणे ती रेघ आहे
तिथे ती कठड्याला टेकून उभी राहते.
पाणी दोन्हीकडे सारखंच काळं.
दिवस परत काढून घेतात तेव्हा
कुठे ओढ बसत नाही, दुखत नाही,
चपलेतून वाळू गळावी
इतकंसुद्धा कळत नाही.

घरासमोरच्या थडग्यावर जन्मतारीख आहे.
तिच्याखालची ओळ कोरी.
गवंडीकाम करणारा पुतण्या दर वर्षी ब्रश घेऊन येतो,
तीस लिहू की एकतीस?
ती म्हणते, आधी कोको घे,
निवत चाललाय.